नागोरावांनी लिहिलेले दोष

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या लिलाव यार्डात आलेली प्रत्येक गाडी आधी नागोराव तपासत आणि तिचे दोष कागदावर लिहून काचेला चिकटवत. तो कागद वाचूनच व्यापारी बोली लावत. आज मात्र रांगेत त्यांची स्वतःचीच निळी गाडी उभी होती. सोसायटीत पार्किंग एक आणि लेकाने घेतली नवी गाडी, म्हणून त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी हिला इथे धाडून दिलं होतं.

बोलीच लागली नाही तर गाडी घरी परत येते, हे नागोरावांना पक्कं ठाऊक. मग काय, दोष लिहिताना त्यांनी हात सैल सोडला. थंडीत तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावरच सुरू होते. मागची डावी काच दोन बोटं उघडीच राहते. कात्रजच्या चढावर दुसरा गिअर चुचकारून टाकावा लागतो. एक कागद पुरेना, तेव्हा खाली दुसरा जोडला.

पहिलीच बोली दीपमालाताईंची आली, तीही बाकीच्या व्यापाऱ्यांना गप्प करणारी.

"अहो ताई, कागद वाचलात ना?" नागोराव कसेबसे म्हणाले.

"दोन्ही वाचले. भर मे महिन्यात तपासलेल्या गाडीचं थंडीतलं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे ती तुमच्याच घरची," दीपमालाताई म्हणाल्या. "आणि तुम्ही वापरलेली गाडी मी डोळे मिटून घेते."