दारात पडलेलं झाड

वादळानंतर सकाळपासून आडवी झाडं कापून मिस्त्री घरी आला, तेव्हा त्याच्या हातांना मुंग्या आल्या होत्या. जुने चेनसॉ दुरुस्त करून चालवणारा त्या भागात तो एकटाच. ताटावर बसतो न बसतो तोच मागच्या गल्लीतल्या मावशींचा फोन आला. एकटी म्हातारी बाई, दारातच झाड पडलेलं, घरात अडकून पडली होती.

"मशीन खोललंय, मावशी. आज काही जमायचं नाही," तो म्हणाला.

मशीन शेजारच्या टेबलावर धडधाकट होतं. बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने ताट पुढे ओढलं.

तेवढ्यात मागच्या गल्लीत चेनसॉ सुरू झाला. मधेच उचकी लागल्यासारखा अडखळणारा आवाज. लाख खटपटी करूनही त्याच्या मशीनची ती खोड गेली नव्हती.

"आपलंच ना हे?" बायकोने विचारलं.

त्याने टेबलावरच्या मशीनला हात लावला. गार होतं. बाहेर आवाज चालूच.

मशीन उचलून तो धावत सुटला. तो पोचला आणि आवाज थांबला. बुंधा निम्म्याहून जास्त कापलेला होता, भुसा अजून कोमट होता. आसपास चिटपाखरू नव्हतं.

दाराआडून मावशी म्हणाल्या, "आलास रे बाबा, उपकार झाले! पण मघापासून हाका मारतेय, बोलत का नाहीस?"

शरमेने त्याची मान खाली गेली. त्याने ओठही उघडले नव्हते, तोच बुंध्याच्या पलीकडून, दाराला अगदी लागून, त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं,

"कोणत्या तोंडाने बोलू, मावशी?"