नाव अपूर्ण आहे

योग्याकार्तातल्या आमच्या कचेरीत ओळखपत्रं एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकातला एक छोटा प्रोग्राम, छापायची. कमांडपुढे नाव टाइप करायचं. पहिला शब्द नाव, दुसरा आडनाव. दुसरा शब्द दिला नाही की 'नाव अपूर्ण आहे' म्हणून ती बंद पडायची. आता इथे जावा बेटावर निम्म्या लोकांचं नाव एकाच शब्दाचं असतं, आडनाव नसतंच. त्यामुळे आमच्या कचेरीतल्या वागिनीच्या गळ्यात सहा वर्षं 'वागिनी वागिनी' लटकत होतं.

स्क्रिप्ट लिहिणारे साहेब राजघराण्यातले. "एका शब्दाचं कसलं नाव?" ते म्हणायचे. "तेवढं तर माझ्या मांजरालाही आहे."

"पण तुमच्या नावाच्या पाच लांबलचक शब्दांतले तीन स्क्रिप्ट गिळते, साहेब," वागिनी एकदा म्हणाली. "दुरुस्त करू? मग जितके शब्द द्याल तितके घेईल."

साहेबांनी चहा संपायच्या आत परवानगी दिली.

वागिनीने चार ओळी बदलल्या. शब्द एक असो वा पाच, सगळे घ्यायचे आणि अक्षरं लागतील तशी लहानमोठी करून कार्डाच्या रुंदीभर एकाच ओळीत बसवायचे.

सोमवारी फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने तिचं नवं कार्ड रस्त्यापलीकडूनच वाचलं आणि दांडा वर केला. "या, वागिनीताई."

मागोमाग साहेब आले. पहारेकऱ्याने दांडा खाली घेतला. साहेबांचं कार्ड त्याने नाकाशी धरलं, उन्हात धरलं, उलटं करूनही पाहिलं.

"काका, इथे नावाच्या जागी नुसती रेघ आहे," तो म्हणाला. "आत्ता गेल्या ना, त्या वागिनीताईंना भेटा. त्या पूर्ण करून देतील."