राहिलेलं बारसं

"मॅगपाय रॉबिन!" राजश्रीनं बुटाची नाडी बांधता बांधता गच्चीच्या कठड्याकडे बोट केलं. तिथं काळापांढरा दयाळ पक्षी शीळ घालत बसला होता. बॅचला उशीर झालेला, पण लातूरला आत्याकडे शिकायला आल्यापासून आत्यालाच शिकवायची या पोरीला भारी हौस.

"इंग्रजीच्या सरांनी सांगितलं, आत्या. मॅग म्हणजे त्यांच्यातल्या मार्गारेटचं लाडाचं नाव. रॉबिन म्हणजे रॉबर्टचं. अंगणातल्या पाखरांना ते लोक माणसांची नावं ठेवायचे."

सिंधुआत्या तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "माणसाचं? पाखराला?"

"हाव. आणि तीच नावं चिकटली."

"मग काय हरकत न्हाई." आत्यानं सूप बाजूला सारलं. "तुज्या आदुगर एक होती. भूकंपात गेली. दुसऱ्या दिशी बारसं होतं तिचं. नाव मी काढून ठिवलेलं, कानात सांगायचंच राहून गेलं."

आपल्याआधी एक बहीण होती, एवढं राजश्रीला ठाऊक होतं. घरात तिचा विषय कुणी काढत नसे.

"काय नाव काढलं होतंस गं?"

आत्या उठली. बारशाला घेतात तसा पदर डोक्यावरून घेतला आणि कठड्यापाशी गेली. दयाळ उडाला नाही. आत्यानं तोंड त्याच्या अगदी जवळ नेलं.

"कुर्रर्र..." ती म्हणाली. "राजश्री."

राजश्री नाडी तशीच सोडून उठली. "आत्या! ते माझं नाव आहे!"

"तिचंच होतं ते. तू झालीस तवा म्हटलं, वाया कशाला घालवायचं? म्हणून तुला दिलं." शेजारणीला दिलेलं विरजण परत मागावं, इतक्या साध्या आवाजात आत्या बोलत होती.

"परत घे ते! आत्ताच्या आत्ता परत घे!" राजश्री रडकुंडीलाच आली.

"कानात सांगितलेलं नाव परत घेता येत असतंय व्हय?"

खाली हॉर्न वाजला. तिची मैत्रीण मनतशा स्कूटीवरून ओरडली, "राजश्री! चल की, बॅच चुकंल!"

राजश्रीनं ओ द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात कठड्यावरून शीळ आली, लांबलचक, ओ दिल्यासारखी. आणि हिच्या घशातून आवाज निघेचना.

"राजश्री! यायलीस का न्हाई?"

आत्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाखराच्या पाठीवरून बोट फिरवत मायेनं म्हणाली, "जा बाई. तुला बोलवायलेत."