राक्षस विहिरीत पडला तिथपासून

"मॅडम, हा डॉक्टर मला पुन्हा आठवला," डोक्यावरची पट्टी चाचपत अप्पा वैतागून म्हणाले. "आत्ताच तर आठवला होता!"

पोटच्या मुलीला, शर्वरीला, ते अपघातात स्मृती गेल्यापासून मॅडमच म्हणत. सर्व्हरवर जपलेल्या त्यांच्या आठवणी ही पट्टी ताज्याकडून जुन्याकडे, वीस-वीसच्या पानांनी परत देई. पण अप्पा चहा प्यायले, खिडकीतून डोकावले, की त्या नव्या आठवणी वर येऊन बसायच्या, जुन्या खाली सरकायच्या आणि पुढच्या पानावर मागचंच पान हजर! महिनाभर आठवणींत अप्पा हॉस्पिटलच्या पलीकडे गेलेच नव्हते.

शर्वरी ताडकन उठली. "हात्तिच्या! पानाचा नंबर मागायचाच कशाला? शेवटची परत आलेली आठवण कोणती, तिथे खूण ठेवायची आणि म्हणायचं, हिच्या मागच्या वीस दे. मग वर कितीही भर पडेना!"

तिने लॅपटॉपवर धडाधड पट्टीचा कोड बदलला. पडद्यावर हॉस्पिटल मागे पडलं. निवृत्तीचा हार आला, तिचं लग्न आलं, तिची दहावी आली, तिची बालवाडी आली! शर्वरीला खुर्चीत बसवेना.

अप्पांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघतच राहिले.

"ठमे, झोपली नाहीस अजून? कुठवर आलो होतो गं आपण गोष्टीत?"

अप्पा तिला ठमे म्हणत रोज रात्री गोष्ट वाचून दाखवत, तेव्हा तिला पानाचा आकडाही वाचता येत नसे, पण गोष्ट कधी चुकली नव्हती.

"राक्षस विहिरीत पडला ना अप्पा," शर्वरी कशीबशी म्हणाली, "तिथपासून पुढे."