बाबांचा चार दिवसांचा मुक्काम

बाबांनी पश्चिमेच्या भिंतीला कान लावला, बोटाने दोनदा ठोकलं आणि भुवया चढवल्या.

"पोकळ आहे," ते म्हणाले.

"मुद्दाम ठेवलीय," लेक म्हणाली. "दोन भिंती आहेत, मधे चार बोटं हवा. बाहेरची तापली तरी आतली तापत नाही."

"हं," बाबा म्हणाले आणि एक पाऊल पुढे सरकून पुन्हा ठोकू लागले. हे 'हं' ती लहानपणापासून ऐकत आली होती. प्रगतिपुस्तकावर सही करताना ते असंच म्हणायचे, आणि त्यातून पास की नापास हे आईलासुद्धा कधी कळलं नव्हतं.

मुक्कामाचा आज चौथा, म्हणजे शेवटचा दिवस. दुपारी तीनला डॉक्टरबाई येणार होत्या. त्यांना लहान मुलांसाठी बारा खाटांचं रुग्णालय बांधायचं होतं. लेकीने काढलेले नकाशे त्यांना आवडले होते. उत्तर-दक्षिण खिडक्या, रुंद छज्जे, पांढरं छप्पर, आणि मधोमध गरम हवा वर ओढून नेणारा उंच झरोका. नकाशात एकही एसी नव्हता, आणि बाईंचं घोडं तिथेच अडलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "भिंतींचं मला कळत नाही. गारव्याचं तुझ्या वडिलांना कळतं. तुझं घर तू असंच बांधलंयस ना? ऐन उन्हाळ्यात त्यांना चार दिवस तिथे राहू दे. ते हो म्हणाले तर काम तुझं."

बाबांनी चाळीस वर्षं एसी बसवले होते आणि दुरुस्त केले होते. शहरातली निम्मी कार्यालयं त्यांच्या हाताने थंड झाली होती. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातलं यंत्रही त्यांचंच. तोंडदेखलं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. लेकीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांच्या तोंडावर सांगितलं होतं की तुमचा हॉल कोंदट आहे. असा माणूस पोटच्या पोरीसाठी खोटं बोलणार नाही, हे डॉक्टरबाईंना माहीत होतं. लेकीलाही माहीत होतं, म्हणून तर तिला तीन रात्री धड झोप नव्हती.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला तिने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, तेव्हा बाबा म्हणाले, "खिडक्या बंद, पंखाही बंद. कोंडून मारतेस का आम्हाला?" रात्रीचा गारवा आत धरून ठेवायचाय, असं तिने समजावलं. आईने दुपारी पंख्याचं बटण कुठे आहे ते विचारून घेतलं, आणि ते दाबण्याआधीच तिला डुलकी लागली. बाबा मात्र जागे होते. छताकडे बघत पडून होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराची झडतीच घेतली. शिडी लावून माळ्यावर चढले आणि डोक्यावर जाळी घेऊन उतरले. झरोक्यात टॉर्च मारला. जिन्याखालचं कपाट रिकामं करून त्याची मागची फळी दाबून पाहिली. भर उन्हात घराला तीन फेऱ्या घातल्या. गच्चीवर तासभर होते. तिसऱ्या दिवशी तर विजेच्या मीटरसमोर खुर्ची टाकून बसले, चष्मा पुसला, परत बसले.

"वायरिंगमध्येही खोट दिसली वाटतं," लेक आईला हळूच म्हणाली.

"काही विचारू नकोस. रात्रीसुद्धा उठून भिंती चाचपत होते," आई म्हणाली. "मला तर इथे पहाटे चादर घ्यावी लागते."

लेकीला आपली चूक आधीच ठाऊक होती. स्वयंपाकघरावरचा छज्जा वीतभर कमी पडला होता आणि संध्याकाळी साडेपाचनंतर ओट्यावर ऊन यायचं. बाबा रोज त्याच वेळी ओट्यापाशी उभं राहून चहा प्यायचे, पण त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. म्हणजे याहून मोठं काहीतरी त्यांच्या हाती लागलंय, असा तिने अर्थ काढला आणि तिचा जीव टांगणीला लागला.

तीनच्या ठोक्याला डॉक्टरबाई आल्या. चेहरा लाल झालेला, रुमाल भिजून चिंब. त्या खुर्चीत टेकल्या, दोन पेले पाणी प्यायल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या.

"बोला काका. हो की नाही?"

बाबांनी गळ्यातला पंचा काढून खुर्चीवर ठेवला. मग लेकीकडे पाहिलं. इतकं ओशाळलेलं तोंड तिने त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या विरुद्ध बोलायचं जिवावर आलंय त्यांच्या, असं तिला वाटलं आणि भरून आलं. काम गेलं तरी चालेल, पण बाबांना असं उभं करायला नको होतं.

"बाबा, जे असेल ते सांगा," ती म्हणाली. "मी रागावणार नाही."

"डॉक्टर, मला अजून उत्तर देता येत नाही," बाबा म्हणाले. "कारण एक गोष्ट मला काही केल्या सापडत नाहीये." मग ते लेकीकडे वळले आणि त्यांनी अक्षरशः हात जोडले.

"चाळीस वर्षं याच धंद्यात गेली, पण आज हरलो बघ. आता तूच सांग, एसी लपवलायस कुठे?"