एकटीचा घास

“जिभेला चव नाही आणि खायला व्हिएतनामला निघालीस? तेही एकटी, सायकलवरून?” जेवताना दिगंबरने थोरल्या बहिणीला विचारलं.

कॅन्सरवरच्या रेडिएशनने वासंतीअक्काच्या तोंडाची चव गेली, ती गेलीच. घरचे रोज नवं काही रांधायचे आणि आशेने तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. “छान झालंय,” असं खोटं बोलून बोलून ती थकली होती.

“तिथं सावकाश सायकल मारीन, भूक लागली की कुठंही बसेन,” ती म्हणाली. “चव लागली तर लागली. नाही लागली, तर वाईट वाटून घ्यायला समोर कुणी नसेल रे. त्याचीच वाट बघतेय.”

दिगंबरने नजर स्वतःच्या ताटाकडे वळवली. कुणी बघत नसताना तिने घास घेतला. तोही बेचवच होता. तरी तिने आणखी भात मागितला.