दर सहा सेकंदांनी

“आवाज थांबला म्हणून खूश होऊ नकोस. कशामुळे थांबला ते डोळ्यांनी बघून ये,” ती नोकरीला लागली तेव्हा तिचे साहेब म्हणाले होते. तिने मान डोलावली आणि सोडून दिलं. साहेब निवृत्तीला आले होते; त्या वयात माणसं असं काहीबाही सांगतातच.

आज तिला आवाज थांबायलाच हवा होता.

बांधकामाच्या कुंपणाला लागून एक जुनी इमारत होती. तिथल्या तळमजल्यावरच्या आजोबांच्या खिडकीच्या गजाला तिने आवाज मोजायचं यंत्र बांधलं, त्याला आठ दिवस झाले होते. खोदाई, करवत, ट्रक, सगळं ओळखू येत होतं. एक गुरगुर तेवढी कळत नव्हती. अखंड, खालच्या पट्टीतली, आणि दर सहा सेकंदांनी एक फुस्स. सकाळी आठला, आजोबा खिडकी उघडायचे त्या सुमारास, ती थोडी वाढायची. कामही आठलाच सुरू व्हायचं. पण जेवणाच्या सुट्टीत मजूर बसले तरी ती थांबायची नाही.

ती कशाची हे लिहिल्याशिवाय अहवाल पुढे सरकणार नव्हता. आज सापडली नाही तर आणखी एक आठवडा इथेच. आणि घरी तिच्या लहानग्या पिल्लूला आठवडाभर खोकला, कालपासून तर छातीत घरघर.

“याला धाप लागतेय गं,” सकाळपासून आईचा हा तिसरा फोन. “तू येतेस, की मी एकटीच नेऊ दवाखान्यात?”

“तासाभरात आलेच, आई. कोमट पाणी पाज तोवर.”

“पाणी पाजून धाप जाते होय? शिकलेली ना तू!”

तिने फोन ठेवला. आठ दिवसांत सलग चार तास झोप नव्हती. रात्री पिल्लूचा श्वास मोजायचा, दिवसा लोकांची यंत्रं.

सकाळी तिने आजोबांनाही विचारून पाहिलं होतं. ते पडद्याआडूनच बोलायचे. खिडकीशी यायचा तो फक्त त्यांचा हात.

“आजोबा, त्या गुरगुरीचा त्रास होतो का हो?”

“छे. मला तर... तिच्याशिवाय झोप येत नाही बघ.” दोन शब्द बोलून ते थांबायचे, चेष्टा करतानाही. “यांनी परवा खोदताना... आमची वीजच तोडली. जुना मुकादम भला माणूस. तासाभरात... सोय करून गेला.”

“आता कुठे आहे तो?”

“दुसऱ्या साइटवर. नवीन आलाय तो... नुसताच मुकादम आहे.” ते हसले, मग खोकले. “दुपारी मी जरा आडवा होतो. तुमचं चालू द्या.”

आता दुपार होती. ती हेडफोन लावून खिडकीखाली उभी होती, एक कान यंत्राला, दुसरा मोबाइलला. नवा मुकादम पलीकडे विजेच्या डब्याशी. एकेक बटण बंद करायचं आणि गुरगुर कधी थांबते ते ऐकायचं.

“पंप बंद केला.”

“आहे अजून.”

“वेल्डिंग.”

“आहे.”

“ऑफिसचा एसी. हा घाम तुमच्या नावावर हं, ताई.”

“आहे हो अजून.”

“मग आता फक्त माझं घोरणं बंद करायचं राहिलंय.”

“नीट बघा ना. काहीतरी असेलच.”

“एक बटण आहे, चिठ्ठी नाही लावलेली. पिवळी वायर आहे, कुंपणाकडे गेलीय. दिवाबिवा असेल. करू बंद?”

“करा.”

गुरगुर थांबली.

तिने मनात सहापर्यंत मोजलं. फुस्स नाही. परत मोजलं. नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

“सापडला!” ती म्हणाली. “हे बटण आता बंदच ठेवा. वरून चिकटपट्टी लावा, चुकून कोणी चालू करायला नको.”

“लावतो. सुटलो बुवा एकदाचे.”

पाठोपाठ कुठेतरी बारीक टीं-टीं सुरू झाली.

“ट्रक मागे घेताय का?”

“घेत असतील गेटवर.”

तिने नोंदवहीत लिहिलं: ‘ट्रक मागे घेतानाचा इशारा. मोजणीत धरू नये.’ मग यंत्र सोडवून पिशवीत घातलं.

“आजोबा, येते हं!”

उत्तर आलं नाही. डोळा लागला असेल. आता निवांत झोपू दे बिचाऱ्यांना.

दवाखान्यात पिल्लू तिच्या मांडीवर मान टाकून पडला होता. त्याच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा पाहून डॉक्टरांनी नुसती खूण केली. सिस्टरने चाकांवरचं एक यंत्र ढकलत आणलं, पिल्लूच्या नाकाशी बारीक नळी बसवली आणि बटण दाबलं.

गुरगुर सुरू झाली.

आठ दिवसांचा आवाज कानात बसलाय, तिला वाटलं. मग फुस्स झालं. नकळत तिने मोजलं. सहा. फुस्स.

“सिस्टर, हे काय आहे?”

“घाबरू नका हो ताई. हवेतला ऑक्सिजन काढून देतं. बघा, ओठांचा रंग आलासुद्धा. कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या घरी रात्रंदिवस चालू असतं हे. फक्त वीज जाता कामा नये.”

“गेली तर?”

“तर बोंब मारतं की. टीं-टीं, टीं-टीं.”

तिने मुकादमाला फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. तिने पुन्हा लावला. पुन्हा. मग पिल्लूला एका हाताने धरून तिने दुसऱ्या हाताने साइटच्या ग्रुपवर लिहिलं:

‘हा मेसेज जो कोणी आधी वाचेल त्याने पिवळ्या वायरीचं बटण चालू करा आणि धावत तळमजल्यावर जा. टीं-टीं ऐकू येत नसली तरी जा. आजोबांना डोळ्यांनी बघून या.’